दोन विहिणी आणि चार गुडघे

वऱ्हाड पाहून आले असं म्हटलं की आमच्या साताऱ्यातल्या बायका लगेच विचारतात, "ऊन फार होतं का हो?" नव्हतं. जानेवारी होता, सकाळी चांगली थंडी पडत होती, आणि थंडीत माझ्या गुडघ्यांना वाचा फुटते. त्यामुळे वऱ्हाड मी जितकं डोळ्यांनी पाहिलं तितकंच गुडघ्यांनी सोसलं. हे लिखाण दोघांच्या वतीनं आहे असं समजावं.

आधी गुडघ्यांचं सांगून टाकते. मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. बालवाडीच्या बाईला खुर्ची असते, पण ती तपासणीला साहेब आल्यावर त्यांना द्यायची. एरवी सगळा कारभार वीतभर उंचीच्या स्टुलावर, नाहीतर उकिडवं बसून. निवृत्त झाले त्या दिवशी मुलांनी मला गुलाबाचं फूल दिलं आणि गुडघ्यांनी आवाज दिला. उजवा 'कट्' म्हणतो, डावा जरा विचार करून 'कर्रर्' म्हणतो. डॉक्टर म्हणाले, नुसत्या आवाजाला घाबरू नका, दुखण्याकडे लक्ष द्या. सपाटीवर रोज चाला, मांड्यांचे व्यायाम करा, खाली बसणं टाळा, जिना उतरताना दुखरा पाय आधी टाका. मी सगळं करते. रोज तीन किलोमीटर चालते. सपाटीवर माझ्याबरोबर कुणीही यावं. पण मला जमिनीवर बसवलंत, की मी तिथलीच झाले.

ही गोष्ट अकोल्यात कळू द्यायची नव्हती. माझी एकुलती एक मुलगी केतकी अकोल्याला दिली आहे. तिला सातवा महिना लागला होता. तिचं डोहाळजेवण उरकून तिला पहिल्या बाळंतपणाला साताऱ्याला आणायचं, असं ठरलेलं होतं. पण केतकीनं फोनवर दबक्या आवाजात सांगितलं, "आई, मोठ्याबाई म्हणतायत, आईला झेपणार असेल तरच पाठवू, नाहीतर बाळंतपण इथंच. तुझे गुडघे त्यांना दिसू देऊ नकोस." मोठ्याबाई म्हणजे केतकीच्या सासूबाईंची थोरली नणंद. वय पंच्याहत्तर, राहणार दोन घरं सोडून, आणि केतकीच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते ऐकून मला खरोखर रडू आलं. लेकीला न्हाऊमाखू घालायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, यासाठीच तर मी चार वर्षं ते व्यायाम करत होते. मी दोन नी-कॅप साडीच्या आत चढवले आणि निघाले. रेल्वेचा प्रवास सांगत नाही. वरच्या बर्थचा विषय मला काढायचाही नाही.

पहिला दिवस : अकोला

केतकीच्या सासूबाई कुसुमबाई फाटकातच उभ्या होत्या. बासष्टीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. "या जी ईनबाई, या! कावून एवढ्या वाळल्या वो?" त्या म्हणाल्या. विहिणीला तिकडे ईनबाई म्हणतात. लग्नात पाहिलं होतं तेव्हापेक्षा माझं वजन सहा किलोनं वाढलेलं होतं, त्यामुळे बाई मला पहिल्या वाक्यातच आवडल्या. व्याही दारात आले, नमस्कार केला आणि पेपर वाचायला परत गेले. ते या वर्णनात पुन्हा येणार नाहीत.

आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, "चहा घेणार का?" आणि पाहुणा "नको" म्हणायला मोकळा असतो. वऱ्हाडात विचारत नाहीत, समोर आणून ठेवतात. लोटाभर पाणी, चहा, त्यावर पोहे, आणि पोहे संपायच्या आत पानं मांडलेली. पानं जमिनीवर. समोर चार खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. मी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. कुसुमबाई म्हणाल्या, "खुर्च्या हायेत, पन पयल्यांदा आलेल्या ईनबाईले टेबलावर वाढनं बरं नाही दिसत."

खाली बसताना मी माझी नेहमीची युक्ती केली. बरोबर वाकण्याच्या क्षणी मोठ्यानं खोकायचं. खोकला आणि 'कट्' एकाच वेळी आले पाहिजेत, याची मी घरी तालीम केली होती. जमलं. मग बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि गोळाभात, म्हणजे मऊ भातात बेसनाचे वाफवलेले गोळे, वरून गरम तेलाची धार. आम्ही भातावर तूप घालणारी माणसं. मी तेलाची धार थांबवायला हात आडवा धरला, तर वाढणारी केतकीच म्हणाली, "घे गं आई, इथं थांबवत नाहीत." तीन वर्षांत पोरगी पार तिकडची झाली होती.

जेवण झालं, मी भिंतीला धरून कशीबशी उठले, आणि मला वऱ्हाडातली एक नवीन रीत कळली. कुसुमबाई खुर्चीला धरून उठल्या, आणि उठता उठता एकदम ओरडल्या, "अरे निखिल! मोटर बंद केली काय रे?" निखिल म्हणजे माझा जावई. तो त्यांच्या समोरच बसला होता. अर्ध्या तासानं त्या पलंगावरून उठल्या आणि ओरडल्या, "केतकी! दूध झाकलं काय वो?" संध्याकाळपर्यंत मी सहा वेळा मोजलं. प्रत्येक वेळी उठताना आरोळी. प्रवासात मी एक छोटी वही ठेवते. तिच्यात लिहिलं : 'वऱ्हाडात माणूस उठताना मोठ्यानं ओरडतो. मोकळा स्वभाव.'

दुपारी खोलीचं दार लावून मी गुडघ्यांना ओवा-लसणाचं तेल चोळलं आणि टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायचा व्यायाम केला. मग वासाचं लक्षात आलं. घाईघाईनं खिडक्या उघडल्या, बाहेर आले, तर कुसुमबाई पलीकडच्या खोलीच्या खिडक्या उघडत होत्या. "लसनाचा लय वास येऊन राहिला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शेजारी फोडनी देऊन राहिले वाटते." मी म्हटलं, "हो, अगदी तीच फोडणी." शेजाऱ्यांवर कुठलाही संशय न घेणारी मी, त्या दिवशी त्यांच्यावर आळ घेऊन मोकळी झाले.

चहाच्या वेळी कुसुमबाईंनी जाहीर केलं, "केतकी सांगे, तुमाले चालायची लय आवड हाय. रोज तीन-तीन किलोमीटर! मंग घरात बसून काय करता? डोहाळजेवनाले चार दिवस हायेत. चला, अमरावतीले माया भाऊ राह्यते. अमरावती दाखवतो म्हणते थो, जंगल दाखवतो म्हणते." हे बोलताना त्यांचा चेहरा रक्तदान करणाऱ्या माणसासारखा झाला होता. मला तो उत्साह वाटला. नाही म्हणावं तर मुलीची आई लेचीपेची ठरते. मी म्हटलं, "अहो, मी आत्ता निघते!"

दुसरा दिवस : अमरावती

एसटीची पहिली पायरी कुणाच्या मापानं करतात, हे मला एकदा त्या माणसाला भेटून विचारायचं आहे. अकोल्याच्या स्टँडवर आम्ही दोघी त्या पायरीसमोर उभ्या राहिलो. "चढा जी, पाहुण्या तुमी." "छे हो, तुम्ही वरमाई, आधी तुम्ही." असं पाच-सात वेळा झालं. मागे रांग लागली. कंडक्टर दारातून म्हणाला, "मावशी, कोनी तरी चढा ना वो. पुढच्या महिन्यात डायवर रिटायर होऊन राहिले." शेवटी मी खोकले, त्या ओरडल्या, आणि आम्ही एकदमच आत आलो.

अमरावतीत स्टँडवर कुसुमबाईंचे भाऊ दिनकरभाऊ आले होते. नांदगाव पेठच्या अलीकडे त्यांचं शेत आहे, झेंडू, वांगी आणि कडेला तूर. फुलं वाहायच्या पिकअप गाडीत पुढं आम्हाला बसवलं. गाडीभर झेंडूचा वास होता, त्यामुळे लसणाची काळजी मिटली. अंबादेवीचं दर्शन झालं. मी देवीला एकच मागितलं, ते सांगायला नको. बाहेर येऊन गिला वडा खाल्ला. ताकात भिजवलेला मऊ वडा, वर आंबटगोड आणि तिखट दोन्ही चटण्या. साताऱ्यात मी वडा कोरडा आणि कडक असावा या मताची होते. ते मत मी अमरावतीत सोडून आले.

मग कुसुमबाईंनी मला चालायला छत्री तलावावर नेलं. सपाट रस्ता पाहून मला इतका आनंद झाला की मी सुसाट सुटले. कुसुमबाई मात्र दर बाकापाशी थांबत. "बसा ईनबाई, इकडून तलाव पाहा." पुढच्या बाकावर, "आता इकडून पाहा, येगळाच दिसते." सहा बाकांवरून मी तलाव पाहिला. तलाव तोच होता. पण माझ्या मनात आलं, किती हौसेनं दाखवतायत बाई! आमच्याकडे पाहुण्याला पत्ता सांगतात आणि जाऊन या म्हणतात. मी वहीत हेही लिहिलं.

मुक्कामाला दिनकरभाऊंच्या घरी अंगणात बाज टाकलेली होती. बाज ही फार सुंदर वस्तू आहे. बसायला उंच, उठायला उंच, आणि दोरी अशी झोळ खाते की उठताना थोडं ढकलतेसुद्धा. दिनकरभाऊंच्या बायको रेखावहिनी म्हणाल्या, "ताई, खाली सतरंजी टाकून देऊ काय, बाजेवर अवघडसान होईन?" कुसुमबाई आणि मी एका आवाजात म्हणालो, "नको!" आणि मग एकमेकींकडे पाहून थोडं जास्तच हसलो.

तिसरा दिवस : सेमाडोह

परतवाडा सोडलं की घाट लागतो, मग सागाचं रान. सागाची मोठमोठी पानं गळून वाटेवर पडली होती आणि गाडीखाली पापडासारखी मोडत होती. सेमाडोहला पोहोचल्यावर दिनकरभाऊ म्हणाले, "मी इथंच चहा पेतो, तुमी दोघी जंगल पाहून या." आम्ही उघड्या जिप्सीत चढलो. कशा चढलो ते विचारू नका. गाईड फुलवंती नावाची तिशीतली कोरकू बाई होती, खाकी गणवेशातली, डोळ्यांत जरब. तिनं हिंदीत बजावलं, "बाई, आवाज बिल्कुल नहीं करने का. जनावर पहले सुनता है, बाद में देखता है."

एका पाणवठ्याला गाडी थांबली. पलीकडे सांबर, पूर्ण वाढलेला नर, मान खाली घालून पाणी पीत होता. मी इतकं रुबाबदार जनावर आयुष्यात पाहिलं नव्हतं. फुलवंतीनं हातानं खूण केली, हळूच उभ्या राहून पाहा. थंडीत दीड तास गुडघे मोडून बसल्यावर 'हळूच' हा शब्द माझ्या हातात राहिला नव्हता. मी उठले. 'कट्.' सांबरानं मान वर केली. मग 'कर्रर्.' मग आणखी एक, जाडसर, 'खट्टक्.' आणि लगेच कुसुमबाई कडाडल्या, "दिनकर! गाडीचा दरवाजा लावला काय रे!" दिनकरभाऊ दहा किलोमीटरवर चहा पीत होते. सांबर गेला, त्याच्यामागे न दिसलेली चार हरणं गेली, झाडावरची वानरंसुद्धा गेली. फुलवंती आमच्याकडे अशी बघत राहिली की मी बालवाडीतल्या मुलासारखी तोंडावर बोट ठेवलं.

मी वहीत लिहिलं : 'मेळघाटात प्रतिध्वनी फार स्पष्ट. माझ्या दोन आवाजांचे तीन ऐकू आले.'

परत येताना फुलवंतीनं नाक ओढलं आणि विचारलं, "किसी ने लसुन का तेल लगाया क्या? जनावर को बास आता है." आम्ही दोघी पुन्हा एका आवाजात म्हणालो, "नाही!" माझी वही त्या दिवशीही शहाणी झाली नाही.

चौथा दिवस : नांदगाव पेठजवळचं शेत

परतीच्या आधी शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गव्हाच्या जाडसर पिठाचे पदर घालून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. बरोबर वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण. शेताच्या कडेला कडुनिंबाखाली मारुतीचा चौथरा होता, त्याच्यासमोर सतरंजी अंथरून पंगत. लांब कारखान्यांच्या शेड दिसत होत्या आणि मधे नुसता केशरी झेंडू. मी चार रोडगे खाल्ले. पाचवा कुसुमबाईंनी ठेवला तो "नको" म्हणायच्या आत.

जेवणं झाली. दिनकरभाऊ फुलांची गाडी घेऊन बाजारात गेले. रेखावहिनी भांडी घासायला विहिरीकडे गेल्या. सतरंजीवर आम्ही दोघी उरलो.

"उठा ना ईनबाई," कुसुमबाई म्हणाल्या.

"तुम्ही उठा ना."

"पाहुण्या तुमी. पयले पाहुन्यानं उठा."

"असं कसं? तुमच्या आधी मी उठले तर साताऱ्यात काय तोंड दाखवू?"

"साताऱ्यात कोन पाहून राहिलं वो? उठा."

"नाही. मानाच्या तुम्ही."

मग आम्ही उठण्याचा विषयच सोडला. बाळाच्या नावांवर बोललो. मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय, जुळं झालं तर काय. तुरीवर बोललो. मारुतीचे डोळे कसे सुंदर रंगवलेत त्यावर बोललो. सावली सरकली आणि ऊन आमच्या डोक्यावर आलं. माझ्या पावलावरून मुंग्यांची रांग निघाली, मी पाय हलवला नाही. एक पांढरं कुत्रं आलं, उरलेला रोडगा खाऊन आमच्यासमोर बसलं आणि आळीपाळीनं दोघींकडे पाहू लागलं. अर्धा तास तरी गेला असेल.

शेवटी कुसुमबाई झेंडूकडे बघत म्हणाल्या, "ईनबाई, एक पुसू काय? तुमच्या साताऱ्याकडं खोकलल्याशिवाय खाली बसत नाही काय वो कोनी?"

मी म्हटलं, "आणि तुमच्याकडे ओरडल्याशिवाय कुणी उठत नाही का?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कुसुमबाईंनी इकडेतिकडे बघून साडी पोटरीच्या वर घेतली. आत नी-कॅप. मी माझी साडी वर घेतली. तेच नी-कॅप, तोच रंग, तोच बाजूचा पांढरा पट्टा.

"किती वर्सं झाले?" त्यांनी विचारलं.

"चार. तुम्हाला?"

"आठ."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. कुत्रं घाबरून उठून गेलं. त्याला उठता येत होतं. चार दिवस मी त्यांच्या हौसेखातर फिरत होते आणि त्या माझ्या आवडीखातर. एसटीची पायरी, सहा बाक, सांबर, सगळं आठवून आठवून आम्ही डोळे पुसले. मी विचारलं, "पण तुम्ही का लपवता? तुमचं तर घरच आहे."

त्यांचं हसू ओसरलं. "मोठ्याबाईले कळलं तं सयपाकघर माया हातून काढून घेईन ती. 'आता तू बस' म्हणीन. मले नाही बसायचं वो. दुखते तं दुखू दे, आवाज येते तं येऊ दे, पन मले हिंडत-फिरत राहायचं हाय. बसली का संपली मी." मग थोडं थांबून म्हणाल्या, "अन् खरं सांगू? तुमचे गुडघे गेले हे आता दिसलं तं मले पयले बरंच वाटलं. म्हणलं, आता पोरगी इथंच राह्यते. बाळ माया हातात येते."

मी घाईनं साडी खाली घेतली. इतका वेळ मी हसत होते, आणि हसता हसता ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्याच माणसासमोर सगळं उघडं करून बसले होते. "सांगणार तुम्ही मोठ्याबाईंना?" मी विचारलं. त्यांनी पदर खोचला. म्हणाल्या, "पयले इथून उठू."

गुडघे टेकवता येत नव्हते, हाताला धरायला काही नव्हतं. चौथरा पंधरा पावलांवर होता. बालवाडीची मुलं करतात तसं आम्ही बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत निघालो. तुरीचे खुंट टोचत होते. चौथऱ्यापर्यंत जेमतेम पोहोचतोय तोच रेखावहिनी भांडी घेऊन परत आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. "ताई, काय करून राहिल्या वो?"

कुसुमबाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. "नवस हाय. बाळासाठी. मारुतीले बसून प्रदक्षिना."

रेखावहिनींनी भांडी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "मंग मी बी करते." आणि त्या खाली बसून आमच्यामागे सरकू लागल्या. आता अर्ध्यावर उठता येईना. तिघींनी मारुतीला पूर्ण प्रदक्षिणा घातली. दुसऱ्या फेरीची भाषा रेखावहिनींनी काढली तेव्हा मी चौथरा धरून, खोकून, उभी राहिले.

अकोल्याच्या एसटीत कुसुमबाई सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या मोठ्याबाईंना काय सांगणार, याची मला भीती वाटत होती.

पाचवा दिवस : पुन्हा अकोला

डोहाळजेवणाला पन्नासेक बायका होत्या. केतकीला हिरवी साडी, फुलांचे दागिने, झेंडू अर्थात दिनकरभाऊंचा. मोठ्याबाई मध्यभागी जमिनीवर उकिडव्या बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. पंच्याहत्तरीची बाई उकिडवी बसते, हाताचा आधार न घेता उठते, पुन्हा बसते. मी त्यांच्या गुडघ्यांकडे हेव्यानं बघत राहिले.

ओटी भरायची वेळ आली. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मोठ्याबाई म्हणाल्या, "खुर्ची कायले? आईनं पाटावर बसून ओटी भरा. जिले पाटावर बसता येत नाही तिच्यानं बाळंतपन काय होते?" सगळ्या हसल्या, पण हसणं थांबल्यावर शांतता झाली. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला. केतकी पाटावर बसून माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी होते तसे झाले होते.

मी खणा-नारळाचं ताट घेतलं आणि वाकले. खोकायचं विसरले.

'कट्. कर्रर्.'

इतक्या शांततेत तो आवाज मलाच परका वाटला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. मोठ्याबाईंनी मान वळवली. "कोनाचा आवाज हाय हा?"

मी पाटावर बसले होते, हातात नारळ. केतकीनं डोळे मिटून घेतले.

"माया हाय," माझ्या मागून कुसुमबाई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या ताठ उभ्या होत्या. "माया गुडघा हाय थो. आठ वर्सं झाले. दोनी गेले. तुमाले सांगतलं नाही." आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत गुडघा वाकवला. 'खट्टक्.' पन्नास बायकांनी ऐकलं.

"आठ वर्सं?" मोठ्याबाई उठल्याच. "अन् मंग इथं बाळंतपन कोन करनार होतं? तू?"

"म्हणूनच म्हणते ना, पोरीले आईकडं जाऊ द्या. माया भरवशावर नोका ठेवू. ईनबाई चांगल्या हायेत, मी चार दिवस पाह्यलं. तलावावर मले मागं टाकलं त्यायनं."

मोठ्याबाईंनी सगळ्यांसमोर त्यांची चांगली अर्धा तास कानउघाडणी केली. शेवटी निकाल दिला, पोरगी साताऱ्याला जाईल, आणि कुसुमनं उद्यापासून सयपाकघरात पाय ठेवायचा नाही, बाई ठेवू, आता तू बस. मला राहवेना. मी "अहो, पण..." असं म्हणाले मात्र, कुसुमबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नारळ केतकीच्या ओटीत घातला आणि गप्प बसले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि रडू आवरत नव्हतं. बायकांना वाटलं, आईचं मन.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा कुसुमबाई हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेल्या होत्या. आत नवीन बाई भांड्यांचा आवाज करत होती आणि प्रत्येक आवाजाला कुसुमबाईंची मान स्वयंपाकघराकडे वळत होती. मी त्यांचे हात धरले. "का केलंत हो असं?"

"बोलू नोका जास्त," त्या म्हणाल्या. "लेकराले न्या. पन आयका. तीन महिन्याचं झालं का बाळ इकडं पाठवा. एक दिवस जरी वर ठेवलं, तं मी येईन साताऱ्याले. येईन अन् खाली सतरंजीवर बसीन. मंग उठवत बसा मले."

साताऱ्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सुताराला बोलावलं आणि एक खुर्ची करायला टाकली. उंच, भक्कम, दोन्हीकडे धरायला हात, आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी बसून भाकरी थापता येईल अशा मापाची. केतकीच्या बाबांनी विचारलं, "तुझ्या गुडघ्यांसाठी का?"

"नाही," म्हटलं, "बाळाला मी साडेतीन महिने ठेवून घेणार आहे."